फुग्याची शाश्वत खोली

भाच्यानं टेबलावरचा रुमाल असा उचलला, जसा जादूगार टोपीखालून कबूतर काढतो. रुमालाखाली पुठ्ठ्याची एक लांबोडकी खोली होती. छपरावर स्पंजाचं हिरवं गवत, बाजूला तारेचं एक वाकडं झाड, आणि झाडापलीकडे निळा कागद कापून केलेलं तळं.

"बोल आत्या," तो म्हणाला.

आत्यानं आधी रुमाल पाहिला. रुमाल स्वच्छ होता. तेवढं एक बरं म्हणण्यासारखं होतं, पण तेही ती म्हणाली नाही.

या भाच्याला बाहेरचं जग 'सर' म्हणत असे. तो घरं, शाळा, दवाखाने यांचे आराखडे करी, आणि अलीकडे जे काही करी त्याच्यापुढं 'शाश्वत' हा शब्द लावी. काही बायकांना साखरेची चिमूट टाकल्याशिवाय साधी आमटीसुद्धा होऊ देववत नाही, तशातली ही खोड. आत्यासाठी मात्र तो फुगा होता. लहानपणी मनासारखं झालं नाही की गाल फुगवून दाराआड बसायचा, म्हणून फुगा. मोठेपणी हवा वाढली, नाव तेच राहिलं.

"हे बघ," फुगा पेन्सिलीनं दाखवू लागला. "भिंती मातीच्या, चोपून उभ्या केलेल्या. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. छपरावरचं पाणी या टाकीत. वीज सूर्याची. संडाससुद्धा असा की पाणीच लागत नाही."

"मग काय लागतं?"

"लाकडाचा भुसा."

"छान. मांजरासारखं."

फुग्यानं हसून सोडून दिलं. मोठ्या लोकांपुढं बोलून बोलून त्याला टोमणे पचवायची सवय झाली होती. "आणि ही खिडकी! पश्चिमेची अख्खी भिंत काच. समोर तळं, मागं डोंगर. काम करता करता मान वर केलीस की सूर्यास्त!"

"आणि नाही केली तर?"

"तरी सूर्यास्त असेलच की."

"तो तुझ्या आधीपासून आहे, फुग्या. त्याचं श्रेय घेऊ नकोस."

"आत्या, जरा समजून तरी घे. शाश्वत म्हणजे निसर्गाकडून तेवढंच घ्यायचं, जेवढं त्याला परत देता येईल."

"बरं. आज तू इथं कशानं आलास?"

"गाडीनं."

"ती रणगाड्याएवढी? एकटाच?"

फुग्यानं पेन्सिल कानामागं खोचली आणि काढली. आत्याला त्या पेन्सिलीची कीव आली.

फुग्यानं छप्पर उचलून बाजूला ठेवलं. आत एक बाईही होती. कागदातून कापलेली, बोटाच्या पेराएवढी. काचेसमोर चित्राचं तिकाटणं, तिकाटण्यावर टिचभर पांढरा चौकोन, आणि त्याच्यापुढं ती बाई, ताठ, हातात केसाएवढा ब्रश घेऊन उभी.

"ही कोण?"

"तू."

"मी उभी आहे?"

"आकारमान कळावं म्हणून, गं. माणूस ठेवला की खोली केवढी ते लक्षात येतं."

आत्या त्या बाईकडे बघत राहिली. फुग्यानं तिला मानसुद्धा दिली होती, बारीक आणि सुंदर, जी आत्याला कधीच नव्हती. मग तिनं विचारलं, "आणि खाली?"

"खाली काय?"

"पायाखाली."

"हां! ते तर मी शेवटाला राखून ठेवलं होतं," फुगा खुलला. "ओबडधोबड दगड. नदीपात्रातले, एकासारखा दुसरा नाही. मधल्या फटींत हळूहळू शेवाळ धरेल. अनवाणी चाललीस की तळव्यांना पृथ्वी कळेल."

"माझ्या तळव्यांना ती कळून चुकलेली आहे," आत्या म्हणाली. दोन बोटांच्या चिमटीत तिनं ती कागदी बाई उचलली आणि खोलीच्या जमिनीवर पालथी घातली. तोंड खाली, पाय दाराकडे.

फुग्याचा चेहरा उतरला. "असं नको ना आत्या. अभद्र वाटतं. तू काही इतक्यात मरत नाहीस." आणि त्यानं हलक्या हातानं ती बाई पुन्हा उभी केली.

आत्यानं चहाचा कप तोंडाला लावला. एका माणसाला एका दिवसात एवढंच दाखवता येतं.

*

आत्या उभी राहून चित्र काढत नसे. खुर्चीत बसूनही नाही. कागद भुईवर अंथरायचा, पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची, आणि गुडघ्यांवर ओणवं होऊन, रंगवत रंगवत मागं सरकत दारापर्यंत यायचं, ही तिची रीत. ती तिला कुणा गुरूनं दिली नव्हती. तिची आई इस्पितळात फरशी पुसायची. लांबच लांब व्हरांडा, एका अंगाला आजाऱ्यांच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला खिडक्यांची रांग. आई ओलं फडकं घेऊन पार टोकाला जाई आणि मागं मागं सरत येई, म्हणजे पुसलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. तिच्यापुढं ओली फरशी उलगडत जाई आणि त्या फरशीत एकेक खिडकी उलटी उगवे, आतल्या आभाळासकट. शाळा सुटली की आत्या दाराशी बसून ते बघत राही. आई आपल्यापुरतं गुणगुणे:

मागं मागं सरू बाई, पुढं पळू नये
ओल्या भुईवरी कुणी पाय देऊ नये

आणि तेवढ्यात कुणी डॉक्टर, कुणी भेटायला आलेला पाहुणा, बुटांसकट त्या खिडक्या तुडवत जाई. थांबत कुणी नसे. आई पुन्हा फडकं पिळे आणि पुन्हा टोकाला जाई.

जगाबद्दलची आत्याची तुच्छता तिथं जन्मली, त्या दाराशी, दप्तराला टेकून. पुढं ती नाना तऱ्हेनं वाढली, तिला फांद्या फुटल्या, पण मूळ तेच: खाली न बघता चालणारी माणसं.

आता तिला तो व्हरांडा काढायचा होता. अख्खा, एका कागदावर, एका ओलीत. पाण्यातल्या रंगांचं असं असतं की ओली कड एकदा सुकली की तिथं रेघ धरते, आणि पुसलेल्या फरशीला जोड नसतो. शिंप्याच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत तिनं पलंग स्वयंपाकघरात ढकलून पाहिला, कपाट गल्लीत काढून पाहिलं, तरी कागद भिंतीला धडकून दुमडायचाच. दोन तुकड्यांत काढून जोडला, तर मधोमध रेघ, जणू इस्पितळाला मध्येच कुणी कुलूप घातलं आहे.

आणि वेळ थोडा होता. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही बदलावे लागतील. बदलल्यावर चालाल, जिने चढाल, पण खाली बसायचं नाव काढायचं नाही. आत्या शस्त्रक्रिया पुढं ढकलत आली होती आणि डॉक्टर आता आवाज चढवून बोलू लागले होते. म्हणजे एक चित्र. एकच. त्यासाठी हवी होती एक भुई: लांब, सपाट, गुळगुळीत. भिंती मग मातीच्या असोत नाहीतर मोत्यांच्या.

फुग्याला हे ठाऊक असायला हवं होतं. एकत्र घर होतं तेव्हा आत्या मधल्या बोळात कागद अंथरायची, आणि दोन-तीन वर्षांचा फुगा दुडदुडत यायचा. "पाय!" असं आत्या ओरडली की तो होता तिथं एक पाय वर धरून उभा राहायचा, कुणीतरी उचलून नेईपर्यंत. पण पुढं घरं वेगळी झाली, फुगा शिकायला गेला, आणि त्यानंतर त्यानं आत्याची चित्रं पाहिली ती फक्त प्रदर्शनांत, टांगलेली. म्हणून तर त्यानं खोली लांब केली होती. लांब कागद टांगायला लांब भिंत हवी ना! इतकं हुशार पोर, आणि इतकं उलटं.

एका वाक्याचं काम होतं. 'फुग्या, मी खाली बसून काढते.' संपलं. पण सांगून कळलं तर ते कळणं कसलं, असा आत्याचा बाणा. लोकांच्या डोळ्यांची कीव करता करता तिचं आयुष्य गेलं. आपल्या न उघडणाऱ्या तोंडाची कीव तिला कधी आली नाही.

*

खोली उभी राहू लागली. जमीन आत्याच्या भावाची, गावाबाहेरच्या उतारावर, कित्येक वर्षं गवताशिवाय काही न पाहिलेली. खेडोपाडीच्या छोट्या बांधकामांना एक बक्षीस मिळायचं, त्यासाठी फुग्यानं या खोलीचा आराखडा धाडला होता: 'ज्येष्ठ चित्रकर्तीसाठी निसर्गाच्या कुशीत एक लहानशी शाश्वत कार्यशाळा.' तो मथळा आत्यानं वाचला आणि कुशीत गेल्यासारखी तिला शिसारी आली.

वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे फुग्याची आई.

"वन्सं, पोरगा फार जीव ओतून करतोय हो. तुम्ही जरा गोड बोला त्याच्याशी."

"गोडच बोलले. मांजराची उपमा दिली."

"ऐकलंय मी. तो रात्री जेवला नाही." वहिनीनं सुस्कारा सोडला. "बक्षिसाची माणसं बघायला येतील तेव्हा तुम्ही फक्त चांगले कपडे घालून खिडकीशी उभ्या राहा. आणि हसा."

"दात दाखवून की झाकून?"

"वन्सं!" मग वहिनीचा आवाज खाली आला. इतकी वर्षं एका घरात काढलेली बाई ती. "तुम्हाला काही खटकतंय का त्या खोलीत? असेल तर सांगा. मी बोलते त्याच्याशी, तुमचं नाव न घेता."

दार उघडं होतं. नुसतं आत जायचं होतं.

"मला काय खटकणार?" आत्या म्हणाली. "मला तिथं हसायचंच तर आहे."

फोन ठेवल्यावर ती स्वतःवर इतकी चिडली की शेजारच्या शिंप्याला, काही कारण नसताना, तुझं मशीन घोड्यासारखं खिंकाळतं, असं सुनावून आली. शिंपी म्हणाला, "तुमच्या बोलण्यापेक्षा त्याला जास्त तेल घातलेलं आहे, बाई."

अधूनमधून ती बसनं जाई आणि उतारावर छत्री उघडून बसून राही. भिंती वर येत होत्या. साच्यात माती टाकून माणसं धुमसानं चोपत, धप् धप्, आणि साचा काढला की मातीचे थर एकावर एक दिसत, पिवळे, तांबूस, राखी, संध्याकाळ घड्या घालून रचून ठेवावी तसे. एकदा कुणी बघत नाही असं पाहून आत्यानं भिंतीला तळहात लावला. भर उन्हात भिंत गार होती. ओठांवर काहीतरी बरं आलं. तिनं ते गिळलं.

बाकी तिला हवी तेवढी सामग्री मिळत होती. फुगा मातीच्या कपातून चहा पिई आणि कागदी रुमालांचा ढीग मागं ठेवी. कॅमेऱ्यासमोर तो मूठभर माती उचलून बोटांतून सोडी आणि "मातीशी संवाद करावा लागतो" असं म्हणे. कॅमेरा बंद झाला की बाटलीतलं पाणी हातांवर ओतून घेई. "माती काय म्हणाली?" आत्या विचारी. "म्हणाली, आत्याला छत्री मिटायला सांग, फोटोत येते," फुगा म्हणे. कधीकधी त्यालाही बरं जमायचं. ते तिनं त्याला कळू दिलं नाही.

दगड मात्र येत नव्हते. नदीतले दगड जवळच्या नदीत नव्हते. जवळच्या नदीतले फारच साधे, असं फुग्याचं मत पडलं, म्हणून ते लांबच्या कुठल्याशा नदीतून ट्रकनं निघाले होते आणि ट्रक वाटेत बिघडून बसला होता. निसर्गाच्या कुशीत जाण्यासाठी निसर्गाला एवढा वळसा घालणारा माणूस आत्यानं दुसरा पाहिला नव्हता.

बक्षिसाचे परीक्षक यायचे त्याच्या आदल्या दिवशी आत्या पुन्हा गेली. दारातून आत पाहिलं आणि थबकली.

खोलीला भुई होती. या भिंतीपासून त्या काचेपर्यंत, अखंड, फिकट तांबडी, साय धरल्यासारखी.

"मिस्त्री, हे काय?"

मिस्त्री पायरीवर बसून तंबाखू मळत होता. "ते होय? दगडाखालचा थर आहे, आत्याबाई. चुना आणि माती. ट्रक आज येतो, उद्या येतो. बसून तरी काय करायचं? चोपत राहिलो. चोपून झालं तर घोटत राहिलो. माणसं रिकामी दिसली की सरांचे गाल फुगतात."

"वाळली?"

"खडखडीत."

"आणि दगड आले की?"

"की झाकायचं. उद्या सकाळी येतोय म्हणे ट्रक. परीक्षक यायच्या आत दगड नुसते मांडून घ्यायचेत, फोटोपुरते. मग पक्के बसवू."

आत्यानं चपला काढल्या. भिंतीचा आधार घेत घेत, एक गुडघा, मग दुसरा, अशी खाली बसली. हात फिरवला. कुठं खडा नाही, खाच नाही. न्हाऊमाखू घातलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरावा तशी भुई हाताखालून सरली. गुडघे कुरकुरले, पण काही टोचलं म्हणून नव्हे. सवयीनं तिनं टोमणा शोधला. खोलीभर शोधला. सापडला नाही. कुणी केली होती ही भुई? कुणीच नाही. फुग्याच्या आराखड्यात ती नव्हती, मिस्त्रीच्या मनात नव्हती. बिघडलेल्या ट्रकनं आणि रिकामपणानं मिळून केली होती, आणि उद्या तिला कुणी न बघताच झाकणार होते.

"उठायला हात देऊ का?" मिस्त्रीनं विचारलं.

"नको," आत्या म्हणाली. "मी सराव करतेय."

*

उजाडताच ती परत आली. शिंप्याच्या मेहुण्याच्या टेम्पोतून, मांडीवर रंगांच्या वाट्या आणि टेम्पोच्या मागून बाहेर डोकावणारी कागदाची लांब गुंडाळी. मेहुण्यानं गुंडाळी दारापर्यंत आणून दिली आणि विचारलं, "आत्याबाई, एवढ्या कागदात काय बांधणार?" "इस्पितळ," आत्या म्हणाली. त्यानं टेम्पो वळवला.

खिडकीशी फुग्यानं सगळी मांडामांड करून ठेवलेली होती. कोरं करकरीत तिकाटणं, त्यावर कॅनव्हास, शेजारी काचेच्या बरणीत कधीही न भिजलेले ब्रश आणि शोभेला वाळलं गवत. आत्यानं गवताला आधी बाहेर काढलं. मग तिकाटण्याचे पाय सुटे केले, कागद अंथरला, आणि त्याचे कोपरे त्या पायांनी दाबले. जन्माला आल्यापासून त्या लाकडाला पहिल्यांदा काही काम मिळालं.

कागद खोलीएवढाच भरला. काचेपासून दारापर्यंत, वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही. पश्चिमेची खिडकी सकाळच्या वेळी बापडी निरुपद्रवी होती. तिच्यातून सपाट, शांत उजेड येत होता. आत्या टोकाला जाऊन ओणवी झाली, स्पंज भिजवला आणि कागदावर पहिलं पाणी सोडलं.

एकदा पाणी सोडलं की मग थांबता येत नाही. ओली कड पुढं धावत असते आणि आपण मागं. आधी नुसता राखी, धुतलेल्या सकाळचा. मग त्या ओल्यात खिडक्यांचा फिका पिवळा, वरून नव्हे, खालून उगवणारा. एक खिडकी उलटी. दुसरी. तिच्या गजांच्या सावल्या ओल्यात विरघळून जरा थरथरणाऱ्या, कारण फडकं आत्ताच फिरून गेलेलं. खोल्यांची दारं, दारांखालून येणारा आतल्या आजाराचा काळोख. हात चालू होता, आणि हाताबरोबर आईचा आवाज:

लख्ख झाली वाट, तिच्यात आभाळ दिसे
पुसणारीचं तोंड कुणी विचारत नसे

मागं. आणखी मागं. गुडघ्यांत सुया, मग खिळे, मग गुडघे आहेत की नाहीत तेच कळेना. बाहेर मिस्त्रीची माणसं आली, दाराशी थबकली, कुजबुजली, बाजूला झाली. उतारावर एक ट्रक कण्हत चढला आणि त्याचा भोंगा वाजला. आत्यानं वर पाहिलं नाही. अर्धा व्हरांडा ओला होता, अर्धा कोरडा, आणि मधल्या कडेवर तिचा सगळा जीव होता. आता थांबली तर रेघ. रेघ पडली तर पुन्हा काढायला गुडघे उरणार नव्हते.

"आत्या!" दारात फुगा. "अगं, काय हे? तिकाटणं कुठं गेलं? दगड आलेत, माणसं खोळंबलीत, परीक्षक येतील आता!" आणि बोलता बोलता त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

"पाय!"

आत्यानं वळूनही पाहिलं नव्हतं. आणि फुग्याचा पाय वर गेला. कसा गेला ते त्याला कळलं नाही. एवढा मोठा सर, चौकटीला धरून, एका पायावर, बगळ्यासारखा. मिस्त्रीच्या माणसांतलं कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

आत्यानं एक खिडकी पुरी केली.

"खाली ठेवू?" फुग्यानं विचारलं.

"मागं ठेव. बाहेर."

त्यानं ठेवला. मग तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला, आणि पहिल्यांदाच त्यानं खाली पाहिलं.

"तू... असं काढतेस?"

"तू बोळात दुडदुडायचास तेव्हापासून."

"मला सांगायचंस ना!"

"तू बघायचंस ना."

"मी भिंतीवर पाहिलेत गं कागद. नेहमी भिंतीवरच. मला वाटलं..."

"की कागद भिंतीला लागतात. वेलाला दोडके लागावेत तसे." आत्यानं ब्रश वाटीत बुडवला. "बोल हवं तेवढं, पण जरा सरक. तुझी सावली माझ्या व्हरांड्यात येतेय."

फुगा सरकला. थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाला, "दगडांचं काय करू? इतक्या लांबून आणलेत."

"निसर्गाला परत दे."

ते वाक्य फुग्याचंच होतं.

*

परीक्षक आले तेव्हा दारापर्यंत चार हातांचं अंतर राहिलं होतं. एक जाड भिंगांच्या चष्म्यातली बाई आणि गळ्यात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ. उन्हात मफलर! पण तो टोमणा मारायला आत्याला सवड नव्हती. तिची त्यांच्याकडे पाठ होती. तिला फक्त आवाज ऐकू येत होते.

"आराखड्यात तर दगडी जमीन होती," मफलर म्हणाला.

फुग्यानं श्वास घेतला. तो श्वास आत्याला ओळखीचा होता. हवा भरली जात होती.

"तो विचार आम्ही जाणीवपूर्वक सोडला," फुगा म्हणाला. "काय आहे, कलावंताच्या देहाची लय हीच या वास्तूची मोजपट्टी. आत्या गुडघ्यांवर, मागं सरकत काम करते. म्हणून खोलीची लांबी म्हणजे तिच्या कागदाची लांबी. दार इथं, कारण चित्र इथं संपतं. जमीन हाच खरा कॅनव्हास."

वा रे पठ्ठ्या, आत्याच्या मनात आलं. घटकाभरापूर्वी एका पायावर होतास.

"अप्रतिम," चष्म्याची बाई म्हणाली. मग जरा थांबून, अविश्वासानं नव्हे पण नेमकं: "म्हणजे त्यांच्याशी आधी बोलणं झालं होतं? बाई, तुमचं आणि सरांचं हे ठरलेलं होतं?"

बाहेर ट्रकचं इंजिन कुणीतरी बंद केलं.

आत्यानं शेवटच्या खिडकीत पिवळा सोडला आणि हाताखालून मागं पाहिलं. तिला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. भुईच्या उंचीवरून नुसती पावलं दिसत होती. मफलरचे बूट, चिखल लागलेले. चष्म्याच्या बाईच्या साध्या चपला. आणि मधे दोन अनवाणी पाय. फुग्यानं बूट कधी काढले कोण जाणे. त्याच्या पायाची करंगळी बाहेर वळलेली होती. आत्याच्या आईची होती तशीच, ओल्या फडक्यामागून सरत येताना दिसायची तशी. ती करंगळी आत्ता भुईला घट्ट धरून बसली होती.

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. मग फुग्याची हवा निघाली असती, बक्षीस गेलं असतं, आणि दगड आत आले असते.

"ठरलं होतं की," आत्या म्हणाली. "पहिल्याच दिवशी विचारलं पोरानं. म्हणाला, आत्या, तू काम कशी करतेस ते आधी दाखव. मग मी रेघ मारतो." ब्रश चालूच होता. "मी म्हटलं, अरे, तू एवढा शिकलेला, तुला काय दाखवायचं? तर म्हणाला, नाही आत्या, न विचारता बांधतो तो गवंडीसुद्धा नव्हे."

चष्म्याची बाई मान डोलवत होती. फुगा कानापासून मानेपर्यंत तांबडा होत गेला. त्याचे गाल एकदा फुगले आणि आपोआप बसले. आयुष्यात आत्यानं अनेकांचा पाणउतारा केला होता, शिव्या देऊन, हसून, गप्प राहून. एवढा पुरता कुणाचाच केला नव्हता, आणि तोही त्याला वाचवता वाचवता.

"ट्रक मागं घ्या," फुगा मिस्त्रीला म्हणाला. "दगड बाहेर. पायवाटेला."

आत्या मागं सरली. टाचा उंबऱ्याला लागल्या. पुढं अख्खा व्हरांडा ओला होता, टोकापर्यंत, कुठं रेघ नाही, जोड नाही, उलट्या खिडक्यांत उलटं आभाळ. आता फक्त ते सुकेपर्यंत राखायचं होतं, आणि उठायचं होतं, जे आपल्याच्यानं होईल असं तिला वाटत नव्हतं.

"आणि ती सुप्रसिद्ध खिडकी!" मफलर एकदम उत्साहानं पुढं झाला. "तिथून तळं कसं दिसतं ते..." आणि त्यानं तिच्या खांद्याशेजारून, उंबऱ्याच्या आत, आपला चिखलाचा बूट उचलला.

"पाय!"

ओरडला तो फुगा. आवाज असा फुटला की झाडावरची पाखरं उडाली. परीक्षक होते तिथं, एक बूट हवेत, मफलर लोंबकळत, उभे राहिले.

आत्यानं ब्रश वाटीत ठेवला. आवाज बरा होता, तिला वाटलं. पण तेही ती म्हणाली नाही.